माघात खोललेलं इंजन

तूर फुलावर आली आणि सकाळी अंगणातली भांडी हाताला गार लागू लागली, की समजावं, गव्हाच्या पाण्याचे दिवस आले. आता आमच्या शिवारात विजेचे खांब आहेत. विहिरीवर मोटार बसली आहे. बटण दाबलं की ती गुणगुणते आणि बंद करेपर्यंत एकसारखी गुणगुणतच राहते. पण परवा वीज गेली ती आलीच नाही, तेव्हा नाल्यापलीकडे कोणीतरी गोठ्यातलं जुनं इंजन बाहेर काढून सुरू केलं. मी चुलीपाशी होते. तो आवाज आला आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

इंजन नीट चालत नव्हतं. एक ठोका, दुसरा ठोका, मग एक ठोका गिळल्यासारखा. दारात येऊन पाहिलं, तर बाभळीच्या शेंड्यावर निळसर धूर लोंबत होता. निळा धूर म्हणजे वंगणाचं तेल वर चढून जळत आहे. आत काजळी धरली असेल, दट्ट्याच्या रिंगा चिकटल्या असतील. आणि हे सगळं त्या माणसानं इंजनावर माया केल्यामुळं झालं असेल. विहिरीचं गार पाणी भरपूर सोडलं असेल त्यानं.

आम्हीही तसंच करत होतो.

माझं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या घरी इंजन आलं. धाडच्या बाजारात एक बैलजोडी विकली आणि चिखलीहून बैलगाडीत घालून ते आणलं. आम्ही बायका त्याच्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तशा पाहत होतो. सासूबाईंनी त्याच्या मोठ्या चाकाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मोट कोठ्यात टांगली गेली. माझे थोरले भाऊजी, यांचे मोठे भाऊ, घराचा कारभार पाहायचे. त्यांना इंजन मनापासून नको होतं. जनावराला चारा घातला की ते चालतं, हे लोखंड काय खाऊन चालेल याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. पण धाकट्या भावानं हट्ट धरला होता.

हा धाकटा भाऊ म्हणजे माझे यजमान. अंगानं बारीक, बोलायला कमी. त्यांचा कान मात्र सारखा इंजनाकडे असायचा.

इंजन चाललं की तापतं. तापलेल्या अंगाला गार पाणी द्यावं हे आम्हां शेतकऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही. उन्हात बैल आला की आपण त्याच्या पाठीवर पाणी मारतो. तसं विहिरीचं पाणी एका नळीनं इंजनाच्या अंगातून खेळवून पुढं पाटात सोडलेलं होतं. पौषातल्या पहाटे ते पाणी हाताला चावायचं, पण इंजनाला हात लावला की गार लागायचं आणि सगळ्यांना बरं वाटायचं. तेलाचंही तसंच. सासूबाई रोज सांगायच्या, "तेलाले हात आखडू नको रे बाबा, कोरडं नको पाडू त्याले." म्हणून खुणेच्या वरपर्यंत तेल भरलं जायचं.

आणि एवढं करूनही महिना भरत आला की ते खोकू लागायचं. आधी काळा धूर, मग निळा, मग पाण्याची धार बारीक. चिखलीचे मिस्त्री एसटीनं यायचे, चहा घ्यायचे, म्हणायचे, "तेल खाऊन राह्यलं. खोला." खोलायचं म्हणजे वरचं डोकं काढायचं, त्याला हेड म्हणतात, आणि आत साचलेला कार्बन खरवडायचा. चुलीच्या धुराड्यात बसते तशीच काजळी, पण दगडासारखी घट्ट आणि तेलकट. धूर बाहेर जायची वाट तर पार बुजलेली असायची. त्या वाटेत पुरुषाचा हात जात नसे.

पहिल्यांदा खोललं तेव्हा यांनी शेतातून निरोप धाडला की कोणीतरी बारीक हाताचं पाठवा. जाऊबाई स्वयंपाकात होत्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे सून आपल्या नवऱ्याशी वडीलधाऱ्यांपुढं बोलत नाही. आता थोडं सैल झालं आहे, तेव्हा फार कडक होतं. घर दोन खणांचं. बायका आत, पुरुष ओट्यावर, आणि पाण्याचे दिवस असले की पुरुष शेतातच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून यांचा आवाज ओळखत होते, पण तो दुसऱ्यांशी बोलतानाचा. पाणी दे, भाकरी वाढ, हेही ते आपल्या आईला सांगायचे आणि आई मला.

विहिरीजवळ कापसाच्या पऱ्हाट्या आणि मातीची एक खोप होती, तिच्यात इंजन. मी दाराशी उभी राहिले.

"ये ना आत," हे म्हणाले. "लोखंड हाये. चावत नाही."

मी बसले. त्यांनी माझ्या हातात तांब्याची एक चपटी पट्टी दिली, लोखंडाला चरा पडू नये म्हणून तांब्याची. मी हात आत घातला आणि खरवडू लागले. काळे तुकडे पडत होते. मातीवर त्यांचा ढीग झाला. मग हे म्हणाले, "तू मुकी त् नाही ना? मी सोयरिकीच्या वक्ती इचारलंच नाही."

मला हसू आलं. पदर तोंडाशी न्यायला गेले आणि सगळं तोंड काळं झालं. मग तेही हसले. तेवढं हसणं मी घरी नेलं, आणि हातावरची काजळीही. राखेनं घासलं तरी तळहाताच्या रेघांतली निघाली नाही. जाऊबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, या बाईची मेंदी काळी रंगली वो!"

पुढं इंजन खोललं की मला बोलावणं यायचं. रॉकेलच्या वासात, मांडीवर पोतं घेऊन, आम्ही दोघं समोरासमोर बसून खरवडायचो. ते मला विचारायचे, शाळेत तुला कोणती कविता यायची, तुझ्या गावची नदी उन्हाळ्यात आटते का, तुला आंबट आवडतं की गोड. मी खाली मान घालून सांगायची. हरभऱ्याच्या दिवसांत मी पहाटे स्वच्छ फडकं पिकावरून फिरवून पानांवरची आंबट आंब पिळून आणायची. एकदा ती वाटीत त्यांच्यासाठी ठेवली. त्यांनी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्यानं त् कार्बनबी निंघन."

ते सारखा विचार करायचे की ही काजळी बसतेच का. बसल्यावर खरवडणारे पुष्कळ आहेत, बसू न देणारा कोणी नाही, असं म्हणायचे. आधी त्यांनी तेल पातळ वापरून पाहिलं. मग वेगळ्या रिंगा आणून घातल्या. मग त्यांना वाटलं, हवेबरोबर धूळ जाते आणि तेलात मिसळून घट्ट होते. म्हणून माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा हवेच्या तोंडाला बांधला. इंजन गुदमरलं आणि एवढा काळा धूर सोडला की नाल्यापलीकडची माणसं आग लागली म्हणून धावत आली. पुढं त्यांनी डब्यात काथ्या भरून तो तेलात भिजवून लावला, ते मात्र चांगलं झालं. तेल खुणेपर्यंतच भरायचं, हेही त्यांनी आईशी भांडून ठरवलं. त्यानं जरा फरक पडला, पण काजळी बसायची ती बसायचीच.

दुसऱ्या वर्षी ऐन ओंबी भरताना इंजन बसलं. हेड खोललेलं, रिंगा आणायला चिखलीला गेलेले हे, आणि इकडं पश्चिमेचा वारा सुटलेला. गव्हाचा दाणा सुकून जिऱ्यासारखा झाला. भाऊजी बांधावर उभे राहून ओंबी हातावर चोळत होते. फुंकर मारली की हातात काही उरत नव्हतं.

त्या दिवशी ते रागावले नाहीत. पुढच्या कार्तिकात पेरणी झाल्यावर ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, आम्ही आत ऐकत होतो. "पाय भाऊ, यंदा शेवटचं पाणी होईलोक हे यंत्र एकडावबी खोललं नाही, त् राहील आपल्या घरी. खोललं, त् इकून टाकू. मोट हाये अजून कोठ्यात. मले पुन्हा असा गहू पाहायचा नाही."

"हो दादा," हे म्हणाले.

त्याच सुमारास त्यांच्या ध्यानात आलं होतं की उन्हाळ्यात, विहिरीचं पाणी खोल जाऊन नळीची धार बारीक झाली की इंजन धूर कमी सोडतं, आणि थंडीत भरपूर पाणी असलं की जास्त. ते आमच्या चुलीपाशी येऊन उभे राहायचे आणि आईला विचारायचे, सकाळी पेटवल्या पेटवल्या धूर किती, आणि तापल्यावर किती. सासूबाई म्हणायच्या, "याले काय झालं वो? चुलीत काय डोकावून राह्यला?" गार चूल धुपते, तापलेली चूल स्वच्छ जळते. इंजन आपण सारखं गार ठेवतो, म्हणून आत डिझेल पुरतं जळतच नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

मग त्यांनी विहिरीच्या पाण्याची नळी काढून टाकली. एक जुनं लोखंडी पिंप ओट्यासारख्या उंचवट्यावर ठेवून ते दोन नळ्यांनी इंजनाला जोडलं. पिंपातलं पाणी खालच्या नळीनं इंजनात जायचं, तापून वरच्या नळीनं पुन्हा पिंपात यायचं. तेच तेच पाणी फिरायचं, म्हणून इंजन कोमट नाही, चांगलं गरम राहायचं. हात टेकला तर लगेच काढावासा वाटावा, पण पोळू नये, एवढं.

गावात एकच बोलणं झालं. "अबे, यंत्राले ताप आणून राह्यला हा!" भाऊजी पिंपाला हात लावून मागं सरले. "जित्राबाले घाम आला त् आपण पाणी दाखवतो. तू काऊन तापवतो त्याले? मारतो का?"

"मरत नाही दादा. त्याले थंडी वाजत होती."

भाऊजींनी मान हलवली. सासूबाईंना मात्र पिंप आवडलं. भाकरी घेऊन गेल्या की त्या तिथलं ऊन पाणी मागून गुडघे शेकायच्या.

आणि इंजन चालू लागलं. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. धुराड्याच्या तोंडाशी धूर दिसतच नव्हता, नुसती हवा हलल्यासारखी दिसायची. ठोका एकसारखा. घरी, अर्ध्या कोसावर, मी तो ऐकायची आणि मला अभिमान वाटायचा. आणि दुसरंही वाटायचं. इंजन खोललं जात नव्हतं, म्हणून मला बोलावणं येत नव्हतं. आमचं बोलणं बंद झालं होतं. मी भाकरी घेऊन गेले तरी सासूबाई बरोबर असायच्या. हे नुसते पाहायचे. मी कधी म्हणायची, चालू दे बाबा, शेवटच्या पाण्यापर्यंत चालू दे. आणि कधी तो ठोका ऐकत ऐकतच वाटायचं, एकदा तरी अडू दे.

तेव्हा मला दिवस होते. सातवा लागला होता. संक्रांतीनंतर माझा भाऊ न्यायला येणार होता.

संक्रांतीच्या आधीच पोट दुखायला लागलं. सुईण आली. मला एवढंच आठवतं की सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि मी कान लावून वाट पाहत होते, बाळाच्या रडण्याची. रडणं आलं नाही. जाऊबाईंनी काहीतरी फडक्यात गुंडाळून बाहेर दिलं. ओट्यावर पावलं वाजली, दोन माणसांची, ती दूर गेली. मी विचारलं, "काय झालं? काय होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "नाव काढू नये त्याचं. पुढच्याले बाधते."

त्या वाईट नव्हत्या. रात्रंदिवस माझ्या उशाशी बसल्या, मला तुपात भिजवलेला घास भरवला. पण आमच्याकडे तसं मानतात, की जे आलं आणि राहिलं नाही, त्याचं बोलू नये. मुलगा की मुलगी हेसुद्धा सांगू नये. जाऊबाईंना विचारलं, त्या डोळे पुसत उठून गेल्या. मी उठून कामाला लागले. घरात सगळं पूर्वीसारखं. शेजारणी हरभऱ्याचं, मिरचीचं बोलायच्या. मी पीठ मळायची आणि माझ्या मनात एकच, काय होतं? माझ्या पोटात एवढे दिवस होतं आणि मला ते माहीत नव्हतं. ज्यांनी त्याला हातावर नेलं ते दोघे पुरुष. त्यातले एक भाऊजी, त्यांच्यापुढं मी उभीही राहत नव्हते. दुसरे हे. हे शेतात. लांबून त्यांच्या इंजनाचा ठोका यायचा, एकसारखा, न चुकता.

माघ अर्धा झाला. गव्हाला एकच पाणी राहिलं होतं. एका सकाळी हे घरी आले आणि अंगणातूनच म्हणाले, "माय, इंजन दमून राह्यलं. खोला लागते. हिले पाठवजो."

भाऊजी दात घासत होते. त्यांनी चूळ भरली. "एकच पाणी राह्यलं भाऊ."

"हो."

"चालून नाही पाह्यलं?"

"नाही चालत दादा."

भाऊजींनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग मी काय बोललो होतो, ते ध्यानात हाये ना?"

"हाये."

मी गेले. वाटेत मला रडू येत होतं, त्यांच्यासाठी. एवढं करून शेवटी हरले म्हणून. खोपीत त्यांनी नट आधीच ढिले करून ठेवले होते. आम्ही दोघांनी हेड उचलून पोत्यावर उलटं ठेवलं. मी पट्टी हातात घेतली आणि खाली वाकले. खरवडायला काही नव्हतंच. विस्तव विझल्यावर चुलीच्या भिंतीवर दिसते तशी करड्या रंगाची पातळ पूड. बोट फिरवलं की खाली लोखंड चमकायचं. धुराची वाट मोकळी. तेलाचा चिकटा नाही. मी मान वर केली.

"इथं त् काहीच नाही."

"मले माहीत हाये," हे म्हणाले.

"मंग काऊन खोललं?"

ते बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते. मग खालीच पाहत म्हणाले, "पोरगी होती."

मी पट्टी पोत्यावर ठेवली.

"केस होते तिले. काळे, भरपूर. नाक तुह्यासारखं." थांबले. "मी पाह्यलं तिले. उजेड होता. चांगलं पाह्यलं. तुले सांगा लागन, म्हणून."

"रडली होती का?"

"नाही."

"कुठं?"

"बांधावरच्या निंबाखाली. दादानं खड्डा केला. मी ठेवली. माह्या धोतराच्या फडक्यात." मग ते म्हणाले, "रड आता. इथं कोणी नाही."

मी रडले. तेही रडले, पुरुष रडतात तसं, आवाज न करता. इंजनावरून पंपाला जाणारा पट्टा सैल लोंबत होता, पाटातलं पाणी आटून चिमण्या त्यात उतरल्या होत्या. मी विचारत होते आणि ते सांगत होते. बोटं केवढी होती. डोळे मिटलेले होते का. रंग कसा होता. जे होतं तेवढं सगळं त्यांनी मला सांगितलं. थोडंच होतं ते.  नंतर त्यांनी गोवऱ्या पेटवून हेडखालचं तांब्याचं पॅकिंग लाल केलं, पाण्यात बुडवलं, म्हणजे ते मऊ होऊन पुन्हा नीट बसतं. आम्ही हेड चढवलं. ऊन कलायच्या आत त्यांनी हँडल मारलं आणि इंजन पहिल्याच फेऱ्यात लागलं.

मी म्हणाले, "दादांले सांगा ना. आत काही नव्हतं म्हणून सांगा."

"मंग खोललं कायले, असं इचारतील. काय सांगू?"

मी पट्टी पुसून जागेवर ठेवली.

शेवटचं पाणी झालं. त्या वर्षी गहू असा आला की ओंब्या वाकल्या होत्या. पण शब्द तो शब्द. होळीनंतर देऊळगाव राजाकडचा एक माणूस गाडी घेऊन आला. यांनी त्याला पिंप, नळ्या, काथ्याचा डबा, सगळं दाखवलं. पुन्हा पुन्हा सांगितलं, गरमच चालू द्या, गार पाणी सोडू नका. तो हो हो म्हणाला. पुढं कळलं की पिंप त्यानं गुरांना पाणी पाजायला ठेवलं आणि इंजनाला सरळ विहिरीची नळी लावली. मग ते वरचेवर बसायला लागलं. हे ऐकून यांनी फक्त मान हलवली.

मोट पुन्हा विहिरीवर आली. यांनी दुसऱ्या इंजनाला कधी हात लावला नाही, कोणी बोलावलं तरी गेले नाहीत. पुढं आम्हांला मुलं झाली, जगली, देवाची कृपा. पण त्या पोरीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. खोप पडली होती आणि घरात तशी जागा नव्हती. हे जाऊन आता दुसरं वर्ष आहे. काविळीनं गेले.

परवा इंजनाचा आवाज ऐकून भाऊजींनाही आठवलं असावं. ओट्यावर पाहुणे होते. भाऊजी आता थकले आहेत, भावाचं नाव निघालं की डोळे भरून येतात त्यांचे. ते म्हणत होते, "हात गुणी होता माह्या भावाचा. लय डोकं चालवलं त्यानं, पिंप काय, नळ्या काय. पण ते इंजन काही त्याले लाभलं नाही. ऐन माघात बसलं."

पाहुणे म्हणाले, "यंत्राचं तसंच असते."

मी आत होते. आता माझ्या केसांत पांढरं आलं आहे, मी दारात येऊन दोन शब्द बोलले असते तर कोणी रागावलं नसतं. ते बसलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. पण मग पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं सांगायचं म्हणजे तिचे केस सांगायचे, नाक सांगायचं. ती आम्हां दोघांनाच माहीत होती. आता मला एकटीलाच माहीत आहे. मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवला.